शगुफ्ता आपाच्या काळ्या डबीतला अभ्यास

हे खरं तर मी कुणालाच सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणजे मी नाही ठरवलं, माझ्या भावानं, अयाननं ठरवलं, माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून... पण तुम्ही काही आमच्या माळेगावचे नाही, आमच्या घरी चहाला येणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते, नाहीतर ते माझ्या पोटात मावणार नाही. ती शगुफ्ता आपाची काळी डबी आहे ना, जिचं आमच्या घरात एवढं कौतुक चाललंय, अभ्यास आहे, अभ्यास आहे म्हणून, तिच्यात अभ्यासाचं एक अक्षर नाही. गेम आहेत. गच्च भरलेले गेम.

शगुफ्ता आपा म्हणजे माझ्या फुफीची, म्हणजे आत्याची मुलगी, शेळगावची. बारावीला आहे. बारामतीत क्लास लावलाय म्हणून जूनपासून आमच्याकडं राहते. त्याच्या आधी कसं होतं, ते सांगते. अयाननं जुनं का होईना गेमचं मशीन घेतलेलं, टीव्हीखाली ठेवलेलं, रिमोट दोन. दुसरा रिमोट माझा. त्याची डावी दांडी आपोआप वळते, म्हणून कुणाला नको असतो, म्हणून माझा. आणि त्या मशीनवर माझा एकच गेम, शेतीचा. गहू लावायचा, ट्रॅक्टर चालवायचा, एक गाय. अम्मी म्हणायची, "अगं बाहीर निघ की, हितं चारी बाजूंनी खराच ऊस हाय, तू आत बसून कसली शेती करतीस?" आता हिला काय सांगू, बाहेरच्या शेतात मला कुणी ट्रॅक्टर चालवायला देतंय का?

पण मशीनच्या पोटात जागा थोडी. अयानचा फुटबॉल आणि त्याचा तो गोळीबार, दोनच गेम, तरी सगळी जागा खाऊन बसलेले. नवीन काही टाकायचं झालं की मशीन म्हणतं, जागा शिल्लक नाही, आणि अयान माझ्याकडं बघून म्हणतो, "अल्फे, तुझा काढू? नंतर परत टाकतो की." परत टाकतो म्हणजे कसं, ठाऊक आहे? अब्बांच्या मोबाईलचं नेट घेऊन, गच्चीवर मोबाईल ठेवून, रोज थोडं थोडं, आठवडा जातो. तरी दर वेळी माझाच निघायचा. आणि मी काय बोलले? काहीच नाही.

मग आपा आली. कपड्यांची बॅग, पुस्तकांची बॅग, आणि हातात ही डबी, आपला मोबाईल असतो ना तेवढी, जरा जाड. तिच्या भावानं, अरफातभाईनं दिलेली, तो पुण्यात कामाला आहे. त्यानं त्याच्याकडचे सगळे गेम हिच्यात भरून दिले, वर स्वतःचा पासवर्डही देऊन टाकला, म्हणजे आमच्या मशीनला डबीची वायर जोडायची, अरफातभाईच्या नावानं आत शिरायचं, की सगळं चालू. तिला सोडायला आलेल्या फुफीनं विचारलं, "हे काय गं काळं काळं?" तर आपाच्या आधी अयानच म्हणाला, "फुफी, क्लासचे व्हिडिओ असत्यात त्यात. समदा बारावीचा अभ्यास." झालं. फुफीचे डोळे भरून आले हो. "माझी लेक अभ्यास हातात घिऊन फिरती," म्हणाली, आणि अब्बांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी नववीला आहे, माझ्या हातात तेव्हा लसणाच्या पाकळ्या होत्या. मी काय बोलले? काहीच नाही.

त्या दिवसापासून दुसरा रिमोट आपाचा. तिला ती वळणारी दांडीसुद्धा आवडते, म्हणते, "कसली भारी नाचते रे ही." मी तीन महिने त्या दांडीशी भांडले, मला कधी सुचलं नाही ती नाचते म्हणून. आता दोघं एकमेकांना कोपर मारत खेळतात, हसतात, आणि मला अयान म्हणतो, "तू बघ ना अल्फे, बघायला जास्त मजा येती." तुम्ही सांगा, येते का?

आणि वर उपकार काय, तर माझा शेतीचा गेम मशीनमधनं काढून त्या डबीत हलवला. "तुझा पण ठेवलाय की बाहेरच्यात, आता कधीच काढायला लागणार न्हाय." बरं. ठेवला. पण डबीतला गेम डबी जोडलेली असली तरच चालतो. आणि डबी आपाची. आपा दर शनिवारी घरी जाते, डबी पर्समध्ये टाकते, आणि माझा गहू, माझा ट्रॅक्टर, माझी गाय, सगळं एस.टी.त बसून शेळगावला जातं. तिकडं तर मशीनच नाही! म्हणजे माझी गाय तिथं दोन दिवस पर्समध्ये बसून असते, उगाच. मी रविवारी टीव्ही लावते तेव्हा गेमचं नाव नुसतं दिसतं, दाबलं की म्हणतं, डिस्क जोडा.

कमी होतं म्हणून अम्मीनं त्या डबीला कव्हर शिवलं. आमच्याकडं रिमोटला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, ते ठीक आहे, पण या डबीला मखमलीचं शिवलं, जांभळ्या, माझ्या ईदच्या ड्रेसमधलं उरलेलं कापड, ज्याचा मला बटवा करून देणार होती. आपा लाडात म्हणाली, "मामी, कसलं गोड शिवलंय," आणि वायर जोडताना रोज हळूच काढून ठेवते, नाहीतर डबी आत तापते. बघा. वापरतसुद्धा नाही. मी वापरला असता हो तो बटवा, रोज वापरला असता.

तर मागच्या गुरुवारी काय झालं... आमच्या शेजारी रमाकांत सर राहतात, शाळेत विज्ञान शिकवतात. अब्बांचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे, दुकानात येईल त्याला अब्बा डबीबद्दल सांगतात, पिस्टन द्यायचा राहतो बाजूला. तसं सरांनाही सांगितलं. सर म्हणाले, "फारुकराव, मग आमच्या मुलींना पण दाखवू की तो अभ्यास. मी माझ्या लॅपटॉपवर कॉपी करून घेतो." आणि अब्बा मोठ्या मनाचे. "न्या की सर. इद्या वाटून वाढती."

संध्याकाळी सर लॅपटॉप घेऊन हजर. आपा आणि अयान भिंतीला टेकलेले. अम्मी चहा करतेय. सरांनी मखमलीचं कव्हर काढलं, वायर जोडली, आणि लॅपटॉप म्हणाला, ही डिस्क वाचता येत नाही, वापरायची असेल तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? तुम्हाला सांगते, गेमच्या मशीनची डबी लॅपटॉपला कळतच नाही, हे मला ठाऊक होतं, अयानला ठाऊक होतं, आणि फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसून जाणार हेही ठाऊक होतं. फक्त सरांना वाटलं नवीन डिस्क असेल. "विचारतंय फारुकराव, काय करू?"

अब्बा म्हणाले, "मशीन इचारतंय तर व्हय म्हणा. न्हाय म्हणलं की आडून बसतंय."

अयान म्हणाला, "सर, चहा गार व्हतोय." चहा अजून गॅसवर होता.

सरांचं बोट बटणावर. आणि माझ्या मनात काय आलं... दाबू देत. एक सेकंद, आणि मग आपाकडं फक्त पुस्तकं राहतील, आणि दुसरा रिमोट परत माझा. अगदी स्वच्छ दिसलं मला ते. सोफ्यावर मी आणि अयान, आधीसारखे. मग दिसली माझी गाय. तीही जाणार. आणि मग दिसला अयान, माझ्याकडं वळून म्हणणारा, "अल्फे, तुझा काढू?"

आणि मी बोलले हो. सगळ्यांसमोर. सरांसमोर. "सर, नका दाबू. क्लासवाल्यांनी कुलूप लावलंय, कुणी कॉपी करू नये म्हणून. ती फक्त आमच्या टीव्हीखालच्या मशीनवर उघडते." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. आणि शेवटचं वाक्य तर खरंच होतं की.

सरांनी बोट उचललं. "बघा," म्हणाले, "केवढा मोठा क्लास म्हणायचा, कुलपाचा अभ्यास." डबी आणखी मोठी झाली. रात्री आपानं माझे गाल ओढले, "अल्फे, जीव वाचवलास गं, काय पाहिजे ते माग." मी काय बोलले? काहीच नाही. ते मागायचं असतं का?

दुसऱ्या दिवशी अब्बांनी हुकूम काढला. अभ्यास त्या मशीनवरच उघडतोय ना, मग रोज संध्याकाळी दोन तास टीव्ही शगुफ्ताला. अयान अकरावीला, त्यानं जवळ बसून ऐकायचं, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. दार लावून घ्यायचं. मी म्हटलं, मी पण बसते. अम्मी म्हणाली, "बारावीचं हाय त्ये, तुला काय कळणार? आन तू आत बसलीस की त्यांचं ध्यान हालतंय." माझ्यामुळं! मी श्वास घेतला तरी कुणाला ऐकू येत नाही.

म्हणून मी ही अशी बाहेर पायरीवर बसते आणि दाराला कान लावते. फुटबॉल असला की शिट्टी ऐकू येते, ते मी सोसते. पण काल आतून माझ्या ट्रॅक्टरचा आवाज आला. मग माझी गाय हंबरली. अम्मी स्वयंपाकघरातनं ओरडली, "शगुफ्ता, गाय कुठनं आली गं?" आणि आतून शांतपणे, "मामी, पशुसंवर्धन चाललंय, जीवशास्त्राचं." अब्बा इतके खूश झाले, शेळगावला फोन केला. आणि नंतर मी बघितलं, तर माझा सगळा गहू कापून, विकून, तिनं गाय रंगवून घेतली होती. गुलाबी.

आता बास. शपथ, अयानचं डोकं, सगळं खड्ड्यात. मी आत्ताच्या आत्ता उठून अम्मीला सांगणार आहे, तोंडावर सांगणार आहे, की अम्मी, तिथं कुठला अभ्यास चाललेला नाही, तिथं माझी—

"अल्फे! ऊठ, ह्ये बदामाचं दूध दे आपाला, शिकून शिकून दमली आसंल पोर. आन दारातनंच दे, आत जाऊ नगंस."

आले, अम्मी.