कोपऱ्यातला वास्तुपुरुष ऐकतोय

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे — आपल्या माणसासमोर 'मी नसलो तर' असं बोलणं अशुभ, की न बोलणं अशुभ? लगेच माना हलवू नका! आधी गोष्ट ऐका, मग हलवा.

सांगलीत मुकुंदा घाणेकर म्हणून एक गृहस्थ. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. अख्ख्या गावाला लांबचं दाखवायचा — आणि स्वतःला? थांबा, सांगतो! बायको वैजयंता शिवणाचे क्लास घ्यायची. दोघांनी मिळून कर्ज काढलं, दोन खोल्यांचं घर घेतलं. अक्षय्य तृतीयेला बँकेत सह्या! तिथल्या बाईंनी आणखी एक कागद पुढे केला. "हा कर्जाचा विमा. सक्ती नाही. घरी नेऊन नीट वाचा, दुसरीकडेही चौकशी करा. आणि जुनी पॉलिसी असेल तर तीही एकदा काढून बघा." मुकुंदानं बघितलं — पहिल्याच ओळीत 'मृत्यू'! आज? सणाच्या दिवशी? कागदाची घडी घातली आणि पिशवीत, पेढ्यांच्या बॉक्सखाली!

मग वास्तुशांत झाली. तुम्हाला ठाऊकच आहे, कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरतात. घरात जे बोलाल त्याला तो 'तथास्तु' म्हणतो! झालं, मुकुंदानं फर्मान काढलं, "या घरात कुणी वाईटसाईट बोलायचं नाही." वैजयंता दोनदा म्हणाली, "अहो, तो कागद—" "श्शू! कोपरा ऐकतोय!"

जेवणं उरकली. पुरणपोळी, वर तूप — काय होणार? मुकुंदा नव्या गार फरशीवर आडवा झाला. खिडकीतून ऊन येतंय, होमाचा धूर अजून तरंगतोय... डोळा लागला.

आणि काय बघतो! घर हलकं झालंय. हळूहळू वर निघालंय, त्या धुरासारखं. आत वैजयंता मशीनवर बसलीय, लेक ओवी चित्र काढतेय, दोघी हसताहेत. आणि मुकुंदा? खाली अंगणात, एका हातानं घर धरून उभा! हात सोडायची सोय नाही, बदलायला कुणी नाही! हसताय काय मंडळी? तुमचे हात कुठं आहेत ते बघा!

बोटं निसटू लागली. तेवढ्यात कोपऱ्यातून वास्तुपुरुष उठून बसला. अंगाला ओली माती, डोळ्यांत झोप. मुकुंदा ओरडला, "देवा, तथास्तु म्हणू नकोस! मी काहीच वाईट बोललो नाही!"

"नाही बोललास," तो अगदी मायेनं म्हणाला. "पण मी बोलण्याला तथास्तु म्हणतो, हे तुला कुणी सांगितलं? मी करण्याला म्हणतो रे. तू हे घर एका हातावर ठेवलंस — तथास्तु!"

मुकुंदा दचकून उठला! ऊन तिथंच होतं. वैजयंता पूजेची फुलं गोळा करत होती. तिचा हात धरला आणि त्या कोपऱ्यासमोर म्हणाला, "वैजू, मी नसलो तर?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण उठली! पिशवीतला कागद आणला, ट्रंकेतली जुनी पॉलिसी आणली. उघडून बघतात तर वारस म्हणून मुकुंदाच्या आईचं नाव — तिला जाऊन सहा वर्षं झालेली! पैसे घ्यायला काय वैकुंठातून येणार होती? दोघंही हसली. आणि हसता हसता वैजयंतानं हळूच विचारलं, "आणि मी नसले तर? अर्धा हप्ता माझ्या मशीनवर निघतो, अहो."

मंडळी, हे त्याला स्वप्नातसुद्धा सुचलं नव्हतं! मग चार ठिकाणी विचारून दोघांचेही विमे उतरवले, जुन्या पॉलिसीवर वैजयंताचं नाव लावलं. त्यानंतर मुकुंदा त्या फरशीवर गाढ झोपू लागला.

आता तुमचं बोला! तुमचं घर किती हातांवर उभं आहे? त्यातला एक निसटला तर? आज हरीचं नाव घेत घरी जा, आपल्या माणसाशेजारी बसा, आणि विचारा. कोपरा ऐकतोय म्हणता? ऐकू द्या त्याला!