सासूबाईंचं तोंड

गमावल्याशिवाय माणसाला कशाचीच किंमत कळत नाही, या निष्कर्षाला अविनाश पनवेलच्या दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून पोचला होता. शेजारच्या बाकावर दोघी मैत्रिणी भेटल्या आणि चिंतन तिथंच थांबलं.

"अगं अरुंधती, तू इथं?"

"सासूबाईंना आणलंय, आत तपासताहेत. कोविड गेला, पण तोंड कोरडं करून गेला. त्यात तोंड आलं, आणि चवही गेली."

"म्हणजे घर शांत!"

"आधी मलाही बरं वाटलं, आभा. जे वाढेन ते मुकाट्यानं खायच्या. एकदा तर 'छान झालंय' म्हणाल्या."

"अरे देवा!"

"तेव्हाच धास्ती बसली. पुढं त्यांचं जेवणच तुटलं गं, ब्लाउज ढगळ व्हायला लागले."

"मग?"

"काल वालाचं बिरडं केलं. पहिल्याच घासाला म्हणाल्या, 'तुझ्या माहेरी मीठ घालायची पद्धत नाही का?'"

"आणि तू?"

"रडले! देवापुढं साखर ठेवली. ह्यांना ऑफिसात फोन केला, आईंनी माझं माहेर काढलं म्हणून."

दार उघडून सासूबाई बाहेर आल्या.

"डॉक्टर म्हणाले, लाळ सुटायला लागलीय. चवही येईल हळूहळू."

"येईल म्हणजे? काल मीठ कळलं ना तुम्हाला?"

"छे गं, ते सवयीनं म्हटलं."

"असू दे, आई. सवय तरी परत आली. देव पावला."

मग अविनाशचा नंबर लागला. डॉक्टरांनी दाढ काढली. तिची आठवण त्याला पुन्हा कधी आली नाही.