फोटोतला कोळी

नाही, विष नसते असं लिहू नका. कोळ्याले विष असतेच — पण ते बहुतेक आपल्याले बाधत नाही, असं लिहा. काहून बाधत नाही? सांगतो. आपल्या मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन सुटते, ते स्नायूच्या पेशीवर बाहेरून बसलेल्या ग्राहीले जाऊन चिकटते, तेव्हा कुठं स्नायू हलतो — पापणी उचलते, श्वास चालतो. ग्राही म्हणजे दाराची कडी समजा. अकोल्याच्या पेपरात कडीच लिहा, वाचकाले समजते. आता कोळ्याचं विष माशी-टोळासाठी बनलेलं, त्याची पकड किड्याच्या पेशीवर बसते. आपल्या पेशीवर त्याले धरायले जागाच सापडत नाही — दोन-चार जाती सोडल्या तं. तीस वर्षं मी हेच शिकवून राहिलो. ते मागचं पोस्टर पाहा — ‘कोळी मारू नका, फोटो पाठवा’, खाली माझा नंबर. आमच्या प्राणिशास्त्र विभागानं छापलं, इथून चांदूर रेल्वेपर्यंत ग्रामपंचायतींत लावलं. लोक फोटो पाठवतात, मी ओळखतो. आजवर एकही चुकला नाही.

तो सप्टेंबरातलाही चुकला नाही. ओमप्रकाश म्हणून आहे एक, मोझरीजवळ शेवंती लावतो. सकाळी साडेपाचले त्याचा फोटो आला, पाठोपाठ फोन — ‘सर, बायकोच्या हातावर दोन बारके ठिपके हायेत, दुखत नाई, सुजलं नाई, अंथरुणाजवळ हा कोळी होता.’ भिंतीवरचा साधा चपटा कोळी. म्हटलं, काही होत नाही, फुलं तोडायले जा. सत्यवती, त्याची बायको, गेली तोडायले. आठले पुन्हा फोन — ‘सर, तिचे डोये उघडून नाई राहिले, झोप येते म्हणते.’ मी म्हटलं, पहाटेची उठली आहे, झोपू दे. कोळी बरोबर ओळखला होता मी. तो चावला का, तिनं त्याले चावताना पाहिलं का — हे विचारलं नाही. त्यानं विचारलं कोळी कोणता, मी सांगितलं कोळी कोणता.

मण्यार होती ती. हा साप रात्री खाली झोपलेल्याले चावते, कळतही नाही. तिचं विष त्याच कडीवर येऊन बसते — अन् उठत नाही. आधी पापणी पडते, मग गिळणं जाते, मग श्वास. हे मी दुसऱ्या वर्षाले शिकवतो, फळ्यावर आकृती काढून. डोकं जागं राहते पुष्कळ वेळ. म्हणजे झोपू दे म्हटलं ते तिनंही ऐकलं असन. फोन स्पीकरवर होता.

साडेअकराले नेलं तिले आरोग्य केंद्रात. नाही, उशीर डॉक्टरनं केला नाही. रागिणी नाव तिचं, नवीनच लागली — तिनं पापण्या पाहिल्या अन् ओळखलं, इंजेक्शन दिलं, अमरावतीच्या वाटेवर हातानं फुगा दाबून श्वास देत राहिली. नांदगाव पेठेच्या अलीकडे संपलं. निलंबित तीच आहे. तुमच्याच पेपरात आलं होतं, ‘डॉक्टरच्या हलगर्जीनं महिलेचा मृत्यू’. — तुमी लिहिली ती बातमी? बरं. कोणाले विचारून लिहिली? जाऊ द्या, मलेही कोणी विचारलं नाही. ओमप्रकाश चौकशीत माझं नावच घेत नाही. सरांचा काय दोष, म्हणते, त्यांनी तं कोळी बरोबरच सांगितला, चावला साप. मागच्या आठवड्यात भेटला, पाया पडला. मी पडू दिलं.

गुरुवारी चौकशी समिती येऊन राहिली माझ्याकडे. तज्ज्ञ म्हणून मत पाहिजे त्यांना. लिहून ठेवलं आहे मी — तीन पानं. सगळं कोळ्याबद्दल आहे.

त्या फोनवर रेकॉर्डिंग चालू आहे का तुमचं? मघापासून? — नाही, बंद करू नका. गुरुवारच्या आधी समितीले ऐकवा. तिथं माझ्या तोंडून हे निघन की नाही, मले सांगता येत नाही. पेपरात काय छापायचं ते तुमचं तुमी पाहा.

उठा आता. साडेदहाचा तास आहे माझा.