नववी ओळ

बहीण : दार लावू नकोस, दादा. ऐकू दे सगळ्या शाळेला. ऐकू येत नाही ते फक्त माझ्या पोरीला, आणि नेमकं तिचंच नाव यादीतून गेलं? कुणी काढलं?

हेडमास्तर : मी. आवाज खाली कर, शेजारी वर्ग चालू आहे.

बहीण : सख्खा मामा ना तू तिचा? जराही लाज नाही वाटली?

हेडमास्तर : हा फॉर्म बघ. वरून छापून आलाय. ओळी मोज. आठ. शंभर मुलांत आठच अडचणीची धरायची आणि तेवढ्यांसाठीच खास शिक्षिकेचा पगार द्यायचा, असं सरकारने ठरवलंय. माझ्याकडे नऊ आहेत.

बहीण : मग नववी ओळ आख. पट्टी देऊ?

हेडमास्तर : पलीकडच्या शाळेने आखली होती. अख्खा फॉर्म परत आला, वर्षभर शिक्षिकाच नाही. चार वाजता टपाल जातंय, उगाच डोकं खाऊ नकोस.

बहीण : पण माझीच का?

हेडमास्तर : लोक म्हणाले असते, हेडमास्तरने भाचीची सोय लावली. आणि... दुसऱ्या कुणाच्या आईला नाही म्हणवेना. तू घरची. म्हटलं, समजून घेशील.

बहीण : घरची! आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरची म्हणून मीच. तुझी बदली झाली तेव्हा तुझी पोरं सांभाळायला घरची म्हणून मीच. तुझं घरचं माणूस म्हणजे पायपुसणं रे नुसतं!

हेडमास्तर : झालं बोलून? हे घे पेन. तूच खोड एक नाव. तिथे तिचं लिहितो, आत्ता, तुझ्यासमोर.

बहीण : आण इकडे. हा... पोस्टमनचा मुलगा.

हेडमास्तर : खोड की.

बहीण : गप्प बस. परवा पहिल्यांदा स्वतःची बटणं लावली त्याने, सगळ्यांना दाखवत हिंडत होता. ही शिंपीणबाईंची धाकटी. हिला तर फळ्यावरचं काहीच दिसत नाही... घे तुझं पेन.

हेडमास्तर : बघ! तेच म्हणत होतो मी.

बहीण : शहाणपणा नको. मला खोडता आलं नाही. तुला आलं.

हेडमास्तर : मी शिकवीन ना तिला. रोज संध्याकाळी, घरी येऊन.

बहीण : तू? सात वर्षांची झाली ती. पाणी हवं असलं की कशी खूण करते, सांग.

हेडमास्तर : अशी... ओंजळ करून? की अंगठा तोंडाकडे नेऊन?

बहीण : राहू दे. बाहेर बाकावर बसलीय. नव्या बाई येणार म्हणून दप्तर भरून आलीय, काढून ठेव म्हटलं तरी ऐकेना. जा, तूच सांग तिला.

हेडमास्तर : मी? अगं, तिला कळेल असं मी कसं सांगणार?

बहीण : ते शिकवणारी बाईच तर मागत होते रे मी.