मूल म्हणेल

नाही, मला एक सांगा, माझ्या पोरीनं काय बोलायचं हे छापणारा तो कोण? पोरगी माझी, सहा वर्षांची, तोंड तिचं, आणि कसलं तोंड आहे ते आमच्या गल्लीला विचारा... आणि हे पुस्तक मला सांगतंय, पालक म्हणेल, 'बाळ, या चित्रात तुला काय दिसते?' मूल म्हणेल, 'मला बदक दिसते.' अहो, कुठलं मूल? कुणाच्या घरचं? आमची थोरली चित्राकडे बघून म्हणाली, "बाबा, हे बदक रागावलंय का?" आता झाली का पंचाईत? पुढची ओळ मात्र ठरलेली. पालक म्हणेल, 'शाबास, अगदी बरोबर.' म्हटलं शाबास, अगदी बरोबर. बदक रागावलंय. काय करणार, पुस्तकात तसं छापलंय.

तुम्हाला सांगतो, मी मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करणारा माणूस. घराच्या पुढच्या खोलीत माझं टेबल. यंत्राबरोबर माहितीपुस्तिका येते ती मी जन्मात उघडली नाही. स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, झाकण काढायचं, आत डोकवायचं, संपलं. आणि बायको पूल बांधणाऱ्या कंपनीत. एक पूल झाला की चला पुढच्या नदीवर, की घर बदल, की शाळा बदल... तिसऱ्या शाळेच्या दारात पोरीनं फाटकाचा खांब जो धरला तो सोडेचना. शिपाई ओढतोय, बाई ओढतायत, मी ओढतोय. बायको म्हणाली, "राहू दे. आपण घरीच शिकवू." आपण म्हणजे कोण, विचारा ना मला! ती सकाळी हेल्मेट चढवून पुलावर. घरात कोण? मी आणि धाकटा. धाकट्याला अजून स्वतःची चड्डी घालता येत नाही.

बरं, शिकवायचं तर शिकवू, कशातून शिकवू? त्याचा बाजार बघितलाय का तुम्ही? पहिला संच आला रंगीत मण्यांचा. मण्यांमधून म्हणे गणित आपोआप येतं. धाकट्यानं एक मणी नाकात घातला, डॉक्टरांनी चिमट्यानं काढला, घरात वजाबाकी झाली ती तेवढीच. दुसरं आलं एक जाडजूड पुस्तक, त्यात काय, तर मुलाला काहीही शिकवू नका, मूल आपलं आपण उमलेल. अहो, काही करू नका हे सांगायला एवढी पानं? आठवडाभर नाही केलं काही. पोरगी उमलली. टेबलाखाली बसून तिनं गिऱ्हाइकांच्या सगळ्या इस्त्र्या उमलवल्या. मग बायकोनं रात्रंदिवस फोनवर शोधून हा तिसरा संच मागवला. मुलासाठी चित्रांचं पुस्तक आणि पालकांसाठी मार्गदर्शिका. मार्गदर्शिकेत मी बोलायचं ते ठळक अक्षरात, पोरीनं बोलायचं ते बारीक अक्षरात. बायको म्हणाली, "बघ, तुला डोकंच चालवायला नको." हे ती कौतुकानं म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर फेकून द्यायचं ते पुस्तक. कसं फेकणार? ताई. बायकोची थोरली बहीण. वसतिगृह असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी फोन केला की आमच्या घरात बसलेला माणूस उभा राहतो. "भाऊजी, संच कुठला आणलात ते मला सांगू नका. पोरीला वाचता येतं का ते सांगा. नाही ना? मी सुट्टी लागली की येते. तोवर वाचायला लागली तर उत्तम. नाही तर माझ्याबरोबर नेते. माझ्याकडे राहील, शिकेल, शिस्त लागेल." आणि बायको? शेजारी उभी होती, एक अक्षर बोलली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती गप्प राहिली म्हणजे तिला ते अर्धं पटलं होतं. मी फोन ठेवला आणि ताईंच्या नावानं दिवसभर बडबडलो, पण खरं सांगतो... ती पोरगी टेबलापलीकडे बसून बडबडत नसली तर माझ्या हाताला साधा वायसर सापडत नाही.

मग काय, ठरवलं, काना-मात्रा इकडची तिकडे करायची नाही. 'मुलासमोर बसा.' बसलो. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती, बरोब्बर समोर. 'मार्गदर्शिका मुलाच्या हाती देऊ नये.' नाही दिली, पाठ संपला की हत्यारांच्या खणात कुलूप लावून. चित्रांच्या पुस्तकावर धाकट्यानं दूध सांडलं, पानं अशी चिकटली की बदकापुढे प्राणीच नाही. बायको म्हणाली दुसरं मागवते, म्हटलं कशाला, मार्गदर्शिकेत सगळं आहे. आणि मला वाचायची सवय नाही हो, मी ओळीखाली बोट ठेवून वाचतो. एकेक शब्द. मधल्या सूचनासुद्धा. 'इथे क्षणभर थांबा. मुलाकडे पाहून हसा.' मोठ्यानं. एकदा दारात एक बाई मिक्सर न्यायला आल्या होत्या, त्या थांबल्या आणि धाकट्याकडे पाहून हसल्या. मला कळेना, या कशाला हसतायत? मग लक्षात आलं, त्यांना वाटलं मी त्यांनाच सांगतोय.

आणि पोरीची तर वेगळीच तक्रार. "बाबा, मी काय म्हणणार हे यांना आधीच कसं माहीत?" म्हटलं छापलंय. "पण मी तर अजून म्हणाले नाही." म्हटलं तरी छापलंय. "मग उद्या मी काय म्हणणार आहे?" म्हटलं ते उद्या कळेल. भडकली! बरोबरच आहे ना, तुमचं उद्याचं बोलणं दुसऱ्यानं छापून खणात कुलपात ठेवलं तर तुम्ही भडकणार नाही? माझ्या बोटाकडे अशी डोळे वटारून बघत बसायची की मला वाटायचं आता चावते. तोंडातून मात्र पुस्तकातलं एक उत्तर येईल तर शपथ. मी विचारायचो गाय काय देते, ही म्हणायची, "कुणाला?"

असे किती दिवस गेले, आणि एका सकाळी काय झालं... मी म्हटलं, 'बाळ, सूर्य केव्हा उगवतो?' आणि पोरगी सरळ बसली, हात मांडीवर ठेवले, आणि म्हणाली, "सूर्य सकाळी उगवतो. सूर्य उगवला की पक्षी जागे होतात." जशीच्या तशी! मला घामच फुटला. पुढचा प्रश्न, तेच. पुढचा, तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी बायकोला पुलावर फोन केला, म्हटलं मशीन चालू झालं. त्या मार्गदर्शिकेला मी मनातल्या मनात नमस्कार केला. इतके दिवस शिव्या घातल्या होत्या तिला, म्हटलं चुकलं माझं, जे व्हायचं तेच पुस्तकात छापलंय.

ताई आल्या. चहा नाही, पाणी नाही, पिशवीतून गोष्टीचं पुस्तक काढलं, पोरीपुढे सरळ ठेवलं. "वाच." पोरगी बघते... मान इकडे करून बघते, तिकडे करून बघते, ओठसुद्धा हलेना. मी म्हटलं, "अहो ताई, ती रोज फाडफाड..." ताई म्हणाल्या, "फाडफाड काय? प्रश्नाला उत्तर? ते पाठ आहे, भाऊजी. पोपट केलात तुम्ही पोरीचा." आणि तेवढ्यात आतून आवाज आला. चेन उघडल्याचा. बायकोनं कपाटावरची बॅग खाली काढली होती. मिक्सरची मोटर जळते तेव्हाही इतका जीव तुटत नाही हो, तो चेनचा आवाज मला अजून ऐकू येतो.

ताई माझ्या खुर्चीत बसल्या. "काय शिकवत होतात ते तरी बघू," म्हणून खणाची किल्ली मागून मार्गदर्शिका काढली, उघडली, पार शेवटचा पाठ, जिथं आम्ही पोचलोच नव्हतो. त्यांच्या त्या प्रार्थनेच्या आवाजात सुरू केलं, 'बाळ, झाडावर कोणाचे घरटे आहे?' पोरगी समोरून म्हणाली, "मावशी, तू एक ओळ गाळलीस."

"कुठली गं?"

"ती काय वरची. 'प्रश्न विचारण्यापूर्वी मुलाच्या पाठीवर हात ठेवा.'"

ताईंनी पान उलटलं. पोरीनं ते वाचलं. ताईंनी मधलंच एक पान उघडलं, तेही वाचलं. मग ताईंनी मार्गदर्शिका हळूच फिरवली आणि पोरीकडे सरळ केली. पोरगी वैतागून म्हणाली, "आता उलटं कशाला केलंस?"

आलं का ध्यानात? ती समोर बसलेली. मी बोट फिरवतोय, मोठ्यानं वाचतोय, आणि ही टेबलापलीकडून माझ्या बोटावर नजर ठेवून, स्वतःची उत्तरं आधी बघायची म्हणून, अख्खी लिपी शिकली... डोक्यावर उभी असलेली! ताईंनी ते गोष्टीचं पुस्तक घेतलं, उलटं ठेवलं, आणि पोरीनं गोष्ट अशी वाचली की धाकटासुद्धा नाकात बोट घालायचं विसरला. आणि ताई माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे का? मी काय केलं? मुलासमोर बसा, पुस्तकात तसं छापलंय. शेजारी बसा म्हणून छापायला शाई कमी पडली होती का त्यांना?

"पोरीला वाचता येतं," ताई म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द. ती इथंच राहील. सरळ वाचायला चार दिवसांत शिकेल." मी खुर्चीत बसलो, म्हणजे बसायला गेलो, खुर्चीत ताई होत्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू. बायको आत जाऊन बॅगेची चेन लावायला लागली. तर ताई म्हणाल्या, "बॅग राहू दे उघडी. सुट्टीत माझ्याकडे नव्या शिक्षकांचा वर्ग असतो. भाऊजी, कपडे भरा." मी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "जाऊन ये ना. मी रजा टाकते."

तेव्हापासून मी ताईंच्या वसतिगृहात. खाट लहान मुलांची, पाय बाहेर. सकाळी घंटा, दुपारी घंटा, बाकावर शेजारी शेजारी बसायचं, ताई फळ्यापुढे उभ्या राहून बोलतायत, बोलतायत, दिवसभर बोलतायत. आणि संध्याकाळी पोरीचा फोन येतो. "बाबा, आज शाळेत काय शिकवलं?"

मी म्हणतो, "काही नाही."