नवमीच्या पाटावर

चिमा : आये, टीव्हीवर काहीच का नाही? माझा कॉम्प्युटर कुठाय?

मालन : वरडू नको गो. पाटावर बसवलाय, तो बघ, जाळ्याच्या सुईशेजारी. आज खंडेनवमी ना? कोयती पुजली, वल्हं पुजलं. रामामामानं बोटीवरनं एवढं आणलंन्, ते काय तसंच ठेवू?

चिमा : वायर कुणी काढली?

मालन : मीच. तीन दिवस झाले, रात्रंदिवस चालूच. हात लावून बघितला तर तव्यासारखा तापलेला. म्हटलं, आज सगळ्या हत्यारांना विसावा, ह्याला पण जरा टेकू दे.

चिमा : आये... गेलं. सगळं गेलं.

मालन : काय गेलं? हाय की तो समोर. झेंडूचं फूल पण ठेवलंय त्याच्यावर.

चिमा : आतलं गेलं गो! मी लिहिलेला प्रोग्रॅम. वीज आहे तोवरच त्याला आठवतं. म्हणून तर बंद करत नव्हते.

मालन : मग जुवेकर मास्तर सांगत होते ना, कॅसेटवर उतरवून ठेव म्हणून?

चिमा : आणि टेप कुठाय आपला?

मालन : टेप देवळात. बाबल्या आला मागायला, आरत्या लावायच्या म्हणाला, मी... अगो बाय माझे. तो पण मीच दिला.

चिमा : होडी पण गेली. एकेक ठिपका टाकून काढलेली.

मालन : पाण्यावर वर-खाली व्हायची ती? काल मला टीव्हीवर दाखवलीस ती?

चिमा : तीच.

मालन : चिमे, मला काय ठाऊक गो? मी विचारायला पायजे होतं. माझं मेलीचं डोकंच चालत नाय.

चिमा : जुवेकर सर आज चहाला येणारेत. रात्रीच्या गाडीनं मुंबईला जाणार, तिथल्या कॉम्प्युटरच्या वर्गाला शाळेतून एकच नाव द्यायचंय. चालताना दाखव, मगच तुझं नाव लिहितो म्हणालेत.

मालन : मग परत लिही. अजून ऊन हाय. बोटं तुझी चालतात भराभरा.

चिमा : लिहीन की. पण तू पुजलायस ना त्याला.

मालन : पुजलेलं हत्यार नवमीला हातात घ्यायचं नाय. उद्या दसऱ्याला पाट हलवला की घे.

चिमा : उद्या सर नसतील.

मालन : बापाशीचा हात रोज बघतेस ना तू? त्या नवमीला मी सांगत होते, आज नको, आज पुजलंय. ऐकलंन् नाय. गिऱ्हाईक थांबलंय म्हणाला, होडीचं इंजिन चालू केलंन्, नि पट्ट्यात तीन बोटं गेली. तेव्हापासून बर्फाच्या कारखान्यात बसलाय दार राखत. दर्या नुसता लांबून बघतो.

चिमा : अगो, ते इंजिन होतं. ह्यात काय अडकणार माझं?

मालन : ते मला कळत नाय, म्हणूनच जास्त भीती वाटते. तुझी बोटंच चालतात ना त्याच्यावर?

चिमा : बरं. राहू दे.

मालन : राहू दे म्हणजे?

चिमा : सरांना सांगते, दुसऱ्या कुणाचं तरी नाव घाला.

मालन : पुढच्या साली असेल की वर्ग.

चिमा : ते सरांनाही माहीत नाही.

मालन : अशी हळू बोलू नको गो. वरड माझ्यावर.

चिमा : वरडून काय करू? तू लाडानंच केलंस. ह्या घरात माझ्या कामाला हत्यार म्हणणारी तूच पहिली.

मालन : हो बाजूला.

चिमा : आये, काय करतेस?

*(मालन पाटापुढे हात जोडते आणि कॉम्प्युटर स्वतःच उचलते.)*

मालन : मी पुजला, मीच उचलला. पोरीनं हात लावलेला नाय, देवा, बघून ठेव. काय लागायचं ते मला लागू दे. हं, कुठं खुपसू ही वायर?

चिमा : ती नको, ती टीव्हीची! दे इकडे.

मालन : आता चालेल ना?

चिमा : चालतोय. पण कुंकू गेलंय बटणांत. हे एक बटण रुततंय.

मालन : फुंकर मार. नि होडी?

चिमा : होडी आता व्हायची नाही. नुसतं भरतीचं गणित लिहिते. तो तिथी विचारेल, तिची पाऊणपट करेल, भरती कधी ते सांगेल.

मालन : ते तर आमचे सगळे बोटांवर करतात. ह्याला मशीन कशाला?

चिमा : सर पण हेच म्हणाले. मग मी म्हटलं, बाबांनी शिकवलेलं मला मशीनला शिकवायचंय. तेव्हा कुठे हो म्हणाले.

मालन : बापाशीला सांगितलंस हे?

चिमा : होडीसकट दाखवणार होते.

मालन : बिनहोडीचं दाखव. त्याला दिसेल होडी.

चिमा : झालं बघ. आज नवमी, नऊ टाकते.

मालन : सहा, टिंब, पंचाहत्तर? असलं कुठलं गो घड्याळ?

चिमा : पावणेसातच ते. मिनिटं करायची ओळ विसरले. थांब, तीस नि चाळीसच्या मधे घालते.

मालन : मधे जागा हाय?

चिमा : मुद्दाम ठेवायची असते. ओळींना आकडे दहा, वीस, तीस असे द्यायचे. काही राहिलं तर मागनं बसवता येतं.

मालन : हे बरं केलंय. दहाच्या आधी पण हाय जागा?

चिमा : आहे की. का?

मालन : मग तिथं एक ओळ घाल. लिही, नवमीला पाटावरनं उचललं ते मालननं, पोरीनं नाय.

चिमा : घालता येईल. तसल्या ओळीला आधी रेम लिहितात, म्हणजे नुसती नोंद. पण आये, ती ओळ मशीन करत काहीच नाही. सोडून पुढे जातं.

मालन : जाऊ दे त्याला पुढं. ती त्याच्यासाठी नाय.