बदक, दोन मुली आणि माझी आंघोळ

...अहो, आज एकविसावा दिवस, मी माझ्याच बाथरूमचं दार वाजवून आत जातोय, आणि आत कोण, तर बदक! टबात, आरामात. मी टॉवेल खांद्यावर टाकून उभा, तर ते मान वाकडी करून बघतं, जणू मीच आगंतुक.

तुम्हाला सांगतो, मला दोन मुली, दोघींचा जीव प्राण्यांवर. धाकटी जनावरांच्या दवाखान्यात नर्स. तिला हे पंख मोडलेलं सापडलं, तिच्या खोलीवर प्राण्यांना बंदी, म्हणून "बाबा, दोनच दिवस हं" करत माझ्या टबात आणून सोडलं. पंख जुळला, आता तळ्यात सोडू म्हणाली, तर थोरली आडवी आली. ती त्याच तळ्यावर पक्षी मोजायच्या नोकरीत. म्हणे, "बाबा, हे बाहेरच्या जातीचं, त्यात नर. आपल्या तळ्यातल्या जातीची एकतीसच उरलीत. यानं तिथं संसार थाटला की सगळी पिल्लं मिसळीची, मूळ जात संपली." मग करायचं काय? तर शांतपणे म्हणते, "सुई देऊन झोपवायचं."

झालं. धाकटी टबापुढे हात पसरून उभी. "तायडे, त्यानं कुणाचं काय बिघडवलंय?" "अजून नाही गं, म्हणूनच." "तुला जातीचं पडलंय, जिवाचं नाही." "आणि तुला एकाच जिवाचं, बाकीची मेली तरी चालतील?" मग दोघी वळल्या माझ्याकडे, "बाबा, तुम्हीच सांगा." काय सांगू, कपाळ? जन्मभर चष्मे विकले मी. हिचं ऐकलं की ही बरोबर, तिचं ऐकलं की तीही बरोबर, आणि आंघोळ माझी अडलीय.

मारा म्हणायला जीभ रेटत नाही हो, आणि सोडा म्हणावं तर ती एकतीस डोळ्यांपुढे येतात. बहिणी-बहिणी बोलेनात, निरोप माझ्यामार्फत. "तिला सांगा, ती निर्दयी आहे." "तिला सांगा, ती अडाणी आहे." सांगतो की. आंघोळ? अडलेलीच.

काल एकदाची बैठक बसली, बाथरूममध्येच. ठरलं... मारायचं नाही, सोडायचंही नाही, जन्मभर इथंच ठेवायचं. "म्हणजे किती?" म्हटलं. "पंधरा वर्षं तरी." मी एकाहत्तरचा!

तेवढ्यात धाकटीचे डोळे भरले. "ताई, पण एकटं पडलं की ही खात नाहीत गं, खंगतात." थोरलीही विरघळली, "हो ना, सोबत लागते त्यांना." यांची आई जाऊन सहा वर्षं झाली, रोज एकटाच जेवतो मी. म्हटलं, आता विषय निघेल, आता निघेल... दोघींनी माझे हात हातात घेतले आणि कधी नव्हे ते एका सुरात म्हणाल्या, "बाबा, उद्यापासून तुम्ही इथंच जेवत जा. त्याला तेवढीच सोबत."

आज दुपारी बसलो स्टूल टाकून. काय करणार... आणि खरं सांगू? दोघंही पोटभर जेवलो.